ग्यानोबाची तिसरी हाक

मित्रांनो, घसा बसलेला, तोंडाला पोचा आलेला एक जुना भोंगा मी. शिरूर अनंतपाळच्या अलीकडे रस्त्याला दोन फाटे फुटतात, तिथे डावीकडे वळलं की आमचं गाव लागतं. त्या गावच्या ग्रामपंचायतीच्या गच्चीवर, कठड्याला तारेनं आवळून मला बसवलेलं आहे. तुम्ही म्हणाल, पत्र्याच्या भोंग्याला कसली आली आहे गोष्ट. बरोबर आहे. भोंग्याचं स्वतःचं काहीच नसतं, दुसऱ्याचं तेवढं मोठ्यानं सांगायचं असतं. पण माझ्या पोटात एकदा दुसऱ्याचीच एक हाक अडकून बसली आणि वर्षानुवर्षं निघता निघेना. त्या हाकेची ही गोष्ट. माझं बोलणं जरा फुगवून असतं, हे आधीच कबूल करतो. माझा आकारच बघा ना, आत शिरताना बोटाएवढं असलेलं बाहेर पडताना परातीएवढं होतं. तेवढं वजा करून ऐका. उरलेलं खरं.

जन्म माझा नांदेडचा. एका शेडमध्ये पत्रा गोल वळवून मला घडवलं आणि दुकानाच्या दाराशी टांगून ठेवलं. आमच्या गावचा कोतवाल ग्यानोबा मला न्यायला आला, तेव्हा बायका माठ वाजवून घेतात तसं त्यानं बोटाच्या पेरानं एकेक भोंगा वाजवून पाहिला. माझ्यापाशी आला, माझ्या तोंडात तोंड घातलं आणि हळूच म्हणाला, "ओ दे रं." मी दिली. तेवढ्यावर सौदा झाला. लेकीचं सासर नायगावला, म्हणून तो वाकडी वाट करून निघाला. एसटीत मला मांडीवर घेऊन बसला. कंडक्टर म्हणाला, "ह्याचं तिकीट?"

ग्यानोबा म्हणाला, "तान्हं हाय."

गच्चीवर बसलो आणि कामाला लागलो. पाणी कधी सुटणार, रेशनची साखर आली, डोस पाजायला लेकरं घेऊन या, एक शेळी सापडली आहे, शिंग मोडलेली, ज्याची असेल त्यानं ओळख सांगून घेऊन जावी. ग्यानोबा खालच्या खोलीत माईकपुढे बसायचा, आधी एकदा खाकरायचा, मग बोलायचा. तेव्हा माझा आवाज असा होता की इकडे शेळीची खबर दिली की तिकडे विष्णुपुरीच्या धरणात पाणी थरथरायचं. हे वजा करायच्यातलं, कळलं असेलच.

ग्यानोबाची एक रीत होती. काहीही सांगायचं ते तीनदा. "पहिली हाक वाऱ्याची, दुसरी कानाची, तिसरी माणसाची," असं तो म्हणायचा. ही त्याच्या एकट्याची रीत नव्हती. आमच्या गावात पोर बोलायला लागलं की त्याला सांगून ठेवतात, भर दुपारी वाट रिकामी असताना कुणी नावानं हाक मारली, तर लगेच ओ द्यायची नाही. जे माणूस नाही, ते दोनदाच हाक मारू शकतं. तिसरी हाक फक्त जित्या माणसाची. पाहुणा बिचारा दारात उभा राहून घसा कोरडा करतो आणि घरातली सगळी आत बसून मोजत असतात. तिसरी आली की हसत बाहेर येतात, "या या, कवा आलाव?" नव्या जावयांचे या गावात फार हाल होतात.

मग ती वर्षं आली, जेव्हा सगळ्यांच्या तोंडाला फडकी होती आणि शाळेला कुलूप होतं. शिकवणी फोनवर गेली आणि फोन तर निम्म्या घरांत नव्हते. नागसेन गुरुजींनी डोकं लढवलं. ते ग्यानोबाच्या खुर्चीवर येऊन बसले आणि माझ्यातून शिकवू लागले. आयुष्यात पहिल्यांदा मी शेळ्या सोडून भूगोल सांगितला. पोरं आपापल्या उंबऱ्यात वही घेऊन बसायची. गुरुजी प्रश्न विचारायचे, उत्तर दारादारांतून ओरडून यायचं.

सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्यानं यायचं ते माझ्या समोरच्या घरातून. उद्धवची लेक दीपमाला, आठवीतली. एकोणतीसचा पाढा ती असा म्हणायची की लिंबावरचे कावळे उठून जायचे. मागे तिची आई पिठाच्या हातांनी उभी राहून ऐकायची. त्याच उन्हाळ्यात आईला लातूरच्या दवाखान्यात नेलं, ती परत आली नाही. काही दिवस समोरून उत्तर आलं नाही. मग एका सकाळी आलं. उंबऱ्यातून नाही, चुलीपासून, पण आलं. माझा पत्रा त्या दिवशी उन्हाशिवाय तापला.

शाळा उघडली तो दिवस मी विसरायचा नाही. पहिल्या दिवशी दुपारची शाळा ठेवली होती. ग्यानोबानं ठरवलं, एकेका लेकराला नावानं हाक मारायची, म्हणजे घरात रुळलेलं लेकरू घरातच राहणार नाही. ऊन डोक्यावर आलं होतं, गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. खाली ग्यानोबा खाकरला आणि हाका सुरू झाल्या. तिसरी हाक झाली की एक दार उघडायचं आणि एक दप्तर बाहेर पडायचं. मी वरून बघत होतो. समोरच्या उंबऱ्यात दीपमाला दप्तर अडकवून उभी होती. एक चप्पल पायात, दुसरा पाय दुसऱ्या चपलेवर अधांतरी.

"उद्धवची दीपमालाऽऽ, शाळेत ये गं माय." एक.

"उद्धवची दीपमालाऽऽ, शाळेत ये गं माय." दोन.

तिसरी हाक ग्यानोबाच्या तोंडातून निघाली, तारेतून वर चढली, माझ्या गळ्यात आली, आणि वीज गेली.

वीज जाणं ही आमच्याकडे काही बातमी नव्हे. मी वाट बघत राहिलो. दीपमालाही पाय तसाच धरून वाट बघत राहिली. वीज आली तेव्हा माझ्यातून नुसती घरघर ऐकू आली. कुणीतरी खाली जाऊन बघितलं. ग्यानोबाचं डोकं टेबलावर होतं, ओठ माईकला लागलेले, आणि तो गेलेला होता.

मौत झालेल्या घरी माणसं जमतात, तिथे बोलणं निघतंच. निघालं.

"दोन मारल्या आन् गेला."

"मग तिसरी?"

"तिसरी बाकी हाय की. तिथून मारंल."

"आन् मधीच कुणी त्या पोरीला नावानं हाक मारली तर? हिशोबात तिसरी व्हईल ना ती."

एवढंच. पण गावानं ते गाठीला बांधलं. त्या पोरीचं नाव कुणी घ्यायचं नाही. घेतलं आणि तिनं ओ दिली, तर ग्यानोबाची हाक पुरी होईल आणि ती त्याच्यामागून जाईल. उद्धवनं नुकतीच बायको पोचवलेली. त्याच्या कानावर हे गेलं, तसं त्यानं पोरीला दप्तराच्या पट्ट्याला धरून आत ओढलं आणि दार लावलं.

मित्रांनो, नाव वापरात नसलं की माणूसही हळूहळू फळीवर चढवलेल्या भांड्यासारखं होतं. तिला सगळे "पोरी" म्हणायचे, "अगं ए" म्हणायचे, "उद्धवची" म्हणायचे. नागसेन गुरुजी एकदा तिला न्यायला आले. गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी करून त्यांनी दोनदा हाक मारली. उद्धव हात जोडून पुढे आला, गुरुजींनी मान खाली घातली आणि गाडी वळवली. पुढे त्यांची बदली झाली. बरोबरच्या पोरी दहावी झाल्या, लातूरला शिकवणीला गेल्या, एक तर परिचारिकेचं शिकू लागली. दीपमाला आधी शेतात जायची ती बंद झाली, मग पाण्याला जायची ती बंद झाली. घरात स्वयंपाक, भांडी, आणि उरलेला दिवस दाराच्या मागे. दाराच्या फटीत तिची सावली दिसायची. लहान पोरं त्या दारावरून जाताना श्वास धरून पळायची. जित्या पोरीचं गावानं भूत केलं होतं, आणि तिनंही ते हळूहळू मान्य केलं होतं.

माझंही दैव फिरलं. माईकचं मशीन जळालं. गावाच्या खबरी फोनमध्ये शिरल्या. माझी तार कुणीतरी काढून नेली, तिच्यावर आता लुगडी वाळतात. मी कठड्यावर पावसापाण्यात पडून राहिलो. पण रिकामा नव्हतो. वीज गेली की नळात चढलेलं पाणी नळातच थांबतं ना, तशी ग्यानोबाची तिसरी हाक माझ्या गळ्यात थांबलेली होती. दुपारी बाराला वारा पडला, गाव चिडीचूप झालं की ती आतून हलायची. तार नाही, मशीन नाही, आणि माझ्या पत्र्यात कुणीतरी खाकरायचं.

हे पहिल्यांदा कळलं ते ग्यानोबाच्या बायकोला, कस्तुराबाईला. चौदावा उरकल्यावर ती जिना चढून वर आली, मला कान लावून बसली. बारा वाजले. माझ्या पोटातून आलं, "दी…" आणि थांबलं. म्हातारीनं कमरेचा ग्यानोबाचा पांढरा पटका सोडला आणि त्याचा बोळा करून माझ्या तोंडात खोल कोंबला. कुणी विचारलं तर सांगायची, "कबुतरं घाण करतेत." खरं कारण मला माहीत होतं. नवऱ्याचा तेवढा एकच आवाज मागे राहिला होता. तो उडून जायला नको होता.

तेव्हापासून ती रोज दुपारी वाळवण घेऊन गच्चीवर यायची. कुरड्या, पापड, सांडगे, हंगाम नसला तर नुसत्याच मिरच्या. त्या पसरायच्या आणि माझ्याजवळ सावलीत बसायचं. "ऐकायलाव का," ती मला म्हणायची, "नायगावच्या लेकीला नात झाली. तुमच्यावाणीच नाक हाय, नशीब फुटकं." बारा वाजले की पटक्याआडून माझ्या पोटात "दी…" व्हायचं आणि म्हातारी मान डोलवायची, जणू तिलाच उत्तर आलं.

एकदा म्हातारी नायगावला लेकीकडे गेलेली असताना भंगारवाला धोंडप्पा मला न्यायला आला. उदगीरकडचा गडी, कशाला भिणारा नव्हता. मला उचलून काखेत घेतलं तेव्हा नेमके बारा वाजत होते. त्याच्या काखेत मी खाकरलो. त्यानं मला खाली ठेवलं, अगदी हळू, झोपलेल्या लेकराला ठेवावं तसं, आणि जिन्यावरून गेला तो तराजू विसरून. तो तराजू अजून पंचायतीत आहे. हे वजा करू नका.

मग लातूरहून राजश्री आली. शाळा सुटलेली आणि कामालाही न लागलेली पोरंपोरी हुडकायची, त्यांना बाहेरून दहावीला बसवायचं आणि मग हाताला एखादं काम शिकवायचं, असं तिच्या संस्थेचं काम होतं. शिरूर अनंतपाळला वर्ग निघाला होता. गावोगावची पोरं न्यायला जीप यायची. गावातून तिला एकेक नाव मिळालं. समोरच्या घराचं मात्र कुणी बोलेना. शेवटी शाळेतून नाव कळलं आणि ती सरळ उद्धवच्या दारात उभी राहिली.

"दीपमाला आहे का घरात?"

गल्लीतल्या खिडक्या पटापट लागल्या. उद्धव आतून धावत आला, पायात जोडे न घालता.

"ताई, काय पायजे ते मला सांगा. नाव मोठ्यानं घेऊ नका."

"का हो काका? नाव चांगलं आहे की."

"चांगलं हाय म्हणूनच म्हणायलो."

"तिला शिकायचं नाही का?"

"तिला जगायचं हाय," उद्धव म्हणाला. "आई गेली तिची. आता मी एकच गोष्ट बघतो, सांजच्याला ती घरात हाय का न्हाई. हाय ना? बास."

दाराच्या फटीत सावली हलली. राजश्रीनं ती पाहिली. तिनं पुन्हा एकदा नाव घेतलं, हळू, फटीकडे बघून. उद्धवनं दार लावून घेतलं. दोन हाका झाल्या होत्या, आतून ओ आली नाही. कशी येणार?

राजश्री चिवट होती. पुन्हा आली, पुन्हा आली. सोमवारी जीप येणार होती आणि परीक्षेला बसण्याची या वर्षाची मुदत त्याच दिवशी संपत होती. शुक्रवारी दुपारी ती फोन लागत नाही म्हणून आमच्या गच्चीवर आली. गावात फोन लागतो तो फक्त माझ्याशेजारी. तिथे कस्तुराबाई कुरड्या उलटवत होती.

"बस माय," म्हातारी म्हणाली. "उन्हाची कुठं हिंडायलीस? घे, ओली कुरडई खा."

राजश्रीनं कुरडई घेतली. "आज्जी, समोरच्या मुलीला गावात कुणी नावानं का हाक मारत नाही?"

"मारून बघितलीस तू. दिली का तिनं ओ?"

"नाही."

"मग."

राजश्री हसणार होती. तेवढ्यात बारा वाजले. वारा पडला. लिंबावरची पानंसुद्धा थांबली. आणि तिच्या कानाच्या वीतभर अंतरावर, पटका कोंबलेल्या, तार नसलेल्या माझ्या पत्र्यात एक म्हातारा माणूस खाकरला.

"दी…"

राजश्रीच्या हातातली कुरडई तशीच राहिली. ती माझ्या मागे वाकून बघू लागली. मागे काही नव्हतं, कापलेल्या तारेचं टोक होतं. तिनं पटक्याला हात लावला आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला. कापड आतून उबदार होतं, श्वासानं व्हावं तसं.

"भिऊ नको," कस्तुराबाई म्हणाली. "आमचे हे हायत." आणि तिनं सगळं सांगितलं, वीज गेली तिथपासून पटक्यापर्यंत. इतक्या वर्षांत तिनं ते कुणालाच सांगितलं नव्हतं. लातूरला जाऊन राजश्री हे कुणाला सांगणार नव्हती, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग तिनं विचारलं, "आज्जी, ही हाक त्यांनी मारली कुणाला?"

म्हातारीचा हात कुरडईवर थांबला.

"आवाज आजोबांचा आहे, खरं आहे. पण हाक ज्याला मारली त्याची असते ना?"

"ऊन लई झालं," कस्तुराबाई म्हणाली. "तू जा खाली." तिनं पुन्हा तिच्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाराला म्हातारी गच्चीवर आली नाही. मी समोर बघितलं तर ती पदराखाली ताटली घेऊन उद्धवच्या दारात उभी. उद्धव शेतात होता. तिनं हाक मारली नाही, नुसती कडी वाजवली. दार उघडलं. ती आत गेली आणि माझ्या पोटात नेमकं तेव्हाच "दी…" झालं. बऱ्याच वेळानं ती वर आली, रिकामी ताटली घेऊन, आणि माझ्याजवळ बसली.

"ऐकायलाव का," ती म्हणाली. "दप्तर अजून खुंटीला हाय. भरलेलं. उंबऱ्याच्या आत चपला हायत, जोडीनं ठिवलेल्या. येवढुशा. आता तिची टाच बी मावणार न्हाई त्यात. मी म्हणलं, पोरी, ह्या फेकून का दिल्या न्हाईस? तर म्हणती कशी…"

तिनं पदर तोंडाला लावला.

"म्हणती, आज्जी, भोंग्यात हाय ना अजून? मला पण ऐकू येतं दुपारी. अर्धंच येतं. मी रोज दाराच्या मागं उभी ऱ्हाते. तिसरी हाय ना ती? का त्यांना माझं नाव घ्यायचंच नव्हतं?"

मला घाम येत नाही, मित्रांनो. पण त्या दिवशी माझ्या कडेवरून एक थेंब ओघळला. दव म्हणावं, तर दुपार होती.

सोमवार उजाडला. जीप लिंबाखाली येऊन उभी राहिली. आत चारपाच पोरं बसली होती, कुणी गॅरेजातून आलेलं, कुणी नुसतंच घरी पडून राहिलेलं. राजश्रीनं घड्याळ बघितलं, समोरच्या दाराकडे बघितलं, ड्रायव्हरला म्हणाली, "थोडं थांबू." गाव दारांच्या आडून बघत होतं. उद्धव ओट्यावर बसला होता, कडीला पाठ लावून.

कस्तुराबाई जिना चढून आली. आज हातात वाळवण नव्हतं. ती माझ्यापुढे उभी राहिली, डोक्यावरचा पदर नीट केला, जसा ती नवऱ्यापुढे करत असेल.

"लई दिवस ठिवून घेतलं तुमाला," ती म्हणाली. "मला नावानं कवा हाक मारलीच न्हाई तुमी, सारा जन्म 'अगं' म्हणलाव. म्हणून वाटलं, निदान हे तरी ऱ्हावं. पण हे माझं न्हाई. जावा. मारा तुमची हाक."

आणि तिनं पटका ओढला.

तो सहज आला नाही. माझ्या गळ्यात कुणीतरी तो आतून धरून ठेवला असावा तसा आला, वळसा वळसा सुटत. शेवटचं टोक निघालं आणि गल्लीच्या टोकाला वावटळ उठली. पाचोळा फिरवत ती आली, पंचायतीची भिंत चढली आणि माझ्या तोंडात शिरली. माझा सगळा पत्रा थरथरला. आधी घरघर. मग ग्यानोबा खाकरला. साऱ्या गावानं ऐकलं. जीपमधली पोरं एकमेकांना चिकटली.

"उद्धवची दीपमालाऽऽ, शाळेत ये गं माय."

तीन.

उद्धव उठला, वळला, दोन्ही हातांनी कडी दाबून धरली. "ओ देऊ नको," तो म्हणाला. त्याला वाटलं तो ओरडतो आहे, पण आवाज निघतच नव्हता. "ओ देऊ नको माय, ओ देऊ नको."

दाराच्या आतून, पाढे म्हणायच्या त्या जुन्या आवाजात, आलं,

"ओ."

लिंबावरचे कावळे उठले. आता काय होतं म्हणून मीही बघत होतो. एक कोंबडी गल्ली ओलांडून गेली. दुसरं काही झालं नाही.

"दादा," दीपमाला आतून बापाला म्हणाली, "कडी सोडा. मी इथंच हाय. कुठं गेले न्हाई."

उद्धवनं कडी सोडली. ती बाहेर आली. उन्हानं तिचे डोळे मिटले. खांद्याला दप्तर होतं, पट्टा आखूड झालेला, काखेत रुतत होता. तिनं त्या लहान चपलांत पाय घालून बघितला, मावला नाही, तशी अनवाणीच उतरली. माती तापलेली होती. तिचा पाय मागे आला. तेवढ्यात कस्तुराबाई जिना उतरून गल्लीत पोचली आणि तिनं आपल्या चपला काढून पुढे सरकवल्या.

"पाय भाजतेत. सांजच्याला परत आण. माझी एकच जोडी हाय."

जीप गेली. संध्याकाळी चपला परत आल्या.

दुसऱ्या दिवशी बाराला म्हातारी गच्चीवर आली, मला कान लावला. वारा पडला, गाव गप्प झालं. माझ्या पोटात काहीच नव्हतं. मी खूप प्रयत्न केला, पण भोंग्याचं स्वतःचं काही नसतं, हे मी सुरुवातीलाच सांगितलं आहे. "आता तुमी नुसताच भोंगा," असं म्हणून तिनं माझ्या पत्र्यावरून हात फिरवला, पटका कमरेला बांधला आणि खाली गेली. तरी येते अजून. मिरच्या पसरते. नायगावच्या नातीचं सांगते. सवय.

दीपमाला बाहेरून दहावी झाली. मग तिला हाताचं काम शिकायचं होतं, तर तिनं शिलाई नाही, वायरमनचं काम धरलं. का, हे मी कशाला सांगू. गेल्या हिवाळ्यात ती शिडी लावून वर आली, माझ्या मागे नवी तार जोडली, खाली नवं मशीन बसवलं. आता गावात वर्गाची जीप येते त्या दिवशी ती ग्यानोबाच्या खुर्चीवर बसते आणि घरी पडून राहिलेल्यांना नावानं बोलावते. माईकपुढे बसली की ती आधी एकदा खाकरते. हे तिला कुणी शिकवलेलं नाही.

परवाची गोष्ट. वीरेश म्हणून एक पोरगा आहे, पुण्याच्या कंपनीतून काम सुटून आला तो भिंतीकडे तोंड करून झोपला, महिनोन्‌महिने. दीपमालानं त्याला हाक मारली. एक. दोन. आणि वीज गेली.

दारंखिडक्या धडाधडा लागल्या. गाव तेच आहे, मित्रांनो. मी पोट आवळून धरलं, म्हटलं, आली आता आणखी एक हाक वस्तीला. पण खाली खुर्ची सरकल्याचा आवाज आला. दीपमाला बाहेर पडली, भर दुपारी, रिकाम्या गल्लीतून चालत वीरेशच्या दारापाशी गेली आणि कडीला हात न लावता, आपल्या तोंडानं, माझ्याशिवाय, तिसरी हाक मारली. मग ओट्यावर बसली. बराच वेळ बसली. उद्धव लांबून बघत होता, कस्तुराबाई गच्चीवरून बघत होती. शेवटी आतून ओ आली. बारीक, झोपाळू, पण आली.

तुम्ही मला धूळ पुसायला येऊ नका, रंग द्यायला येऊ नका. माझं चाललं आहे. एवढंच करा, तुमच्या गल्लीत एखादं दार लागलेलं असेल, आत कुणी शाळा सोडून, काम सोडून बसलेलं असेल. त्याला दोन हाका तर सगळ्यांनीच मारून झालेल्या असतात. दोन हाका मारून परत फिरतो तो कोण, हे आमच्या गावात विचारा.

आणि कधी भर दुपारी वारा पडला, वाट रिकामी असली आणि तुमचंच नाव कुणी दोनदा घेतलं, तर भिऊ नका. दाराच्या मागे थोडं थांबा. चप्पल पायात घालून ठेवा. तिसरी वाटेत असते.